जुनी फ्रिगेट, नवं नौदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका देशानं वापरून निवृत्त केलेली फ्रिगेट दुसरा देश विकत घेतो, तिच्यावर नवी रडार आणि क्षेपणास्त्रं चढवतो आणि आणखी वीस वर्षं चालवतो. अशी बातमी आली की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. चिली, तुर्कस्तान, रुमानिया आणि इंडोनेशिया ही उदाहरणं पुन्हा पुन्हा येतील, कारण या धंद्यातले यश-अपयशाचे सगळे नमुने या चौघांत सापडतात.

फ्रिगेट म्हणजे नक्की कोणती नौका?

विनाशिकेपेक्षा साधारणपणे लहान आणि कॉर्व्हेटपेक्षा मोठी. पाणबुड्या शोधणं, ताफ्याला सोबत करणं, गस्त घालणं ही तिची मूळ कामं. इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या बहुतेक तीन ते पाच हजार टनांच्या आहेत. प्रत्येक नौदल आपापल्या सोयीनं वर्गवारी करतं, त्यामुळे या व्याख्येवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

चांगली चालणारी युद्धनौका कुणी विकतं कशाला?

बहुतेक वेळा नौका म्हातारी झालेली नसते, मालकाचा हात आखडलेला असतो. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या नौदलांना एवढ्या पाणबुडीविरोधी फ्रिगेटची गरज उरली नाही. त्यातच खलाशी मिळेनात आणि बजेटला कात्री लागली. 2004 मध्ये ब्रिटननं टाइप 23 वर्गातल्या नॉरफोक, मार्लबरो आणि ग्राफ्टन या तीन फ्रिगेट काढायचं जाहीर केलं. ग्राफ्टन 1997 मध्ये सेवेत आली होती आणि 2006 मध्ये बाहेर पडली. जेमतेम नऊ वर्षं! एवढ्या वयाची नौका बाजारात आली की घेणाऱ्यानं झडप घालायलाच हवी. चिलीनं तशी घातली आणि तिन्ही उचलल्या.

नेदरलँड्सचा किस्सा तर याहून मोठा. त्यांनी 1990च्या दशकात एम वर्गाच्या आठ फ्रिगेट बांधल्या आणि पुढच्या दशकात त्यातल्या सहा विकून टाकल्या: दोन चिलीला, दोन बेल्जियमला, दोन पोर्तुगालला. स्वतःकडे दोनच ठेवल्या.

विकण्यामागे आणखी एक हिशेब असतो. नौका मोडीत काढायलाही पैसे लागतात. विकली तर ते वाचतात, वर दुरुस्ती, प्रशिक्षण आणि सुट्या भागांचं काम आपल्याच कंपन्यांना मिळतं.

मग स्वस्तात पडत असेल?

नौका स्वस्तात पडते, तिची तयारी नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या व्यवहारांसाठीच झाली असावी.

चिलीनं तीन टाइप 23 सुमारे 13.4 कोटी पौंडांना घेतल्या. तेवढ्या पैशात तशी एक नवी फ्रिगेटही मिळाली नसती. पण पुढे रडार, क्षेपणास्त्रं, युद्धसंचालन प्रणाली यांवर वेगळा खर्च आला, आणि तो येणार हे चिलीला आधीपासून ठाऊक होतं. रुमानियानं 2003 मध्ये टाइप 22 वर्गाच्या दोन ब्रिटिश नौकांसाठी 11.6 कोटी पौंडांचा करार केला. पुढचा खर्च त्यांना झेपला नाही. ती कथा खाली येईलच.

आपल्याकडचं उदाहरण फ्रिगेटचं नाही, तरी सांगण्यासारखं आहे. ॲडमिरल गोर्शकोव्ह ही विमानवाहू नौका रशियानं ‘फुकट’ दिली. 2004च्या करारात फक्त तिच्या नूतनीकरणाचे 97.4 कोटी डॉलर ठरले होते. शेवटी आकडा 235 कोटींवर गेला आणि 2008 मध्ये यायची नौका ‘विक्रमादित्य’ नावानं 2013 मध्ये मिळाली. जुन्या जहाजाचे पत्रे उघडल्याशिवाय आत किती तारा बदलायच्या आहेत हे कळत नाही, आणि पत्रे उघडले जातात करारावर सही झाल्यानंतर. माझ्या मते अशा प्रत्येक सौद्याची खरी गोम हीच आहे.

आधुनिकीकरणात नेमकं काय बदलतात?

थोडक्यात सांगायचं तर नौकेचे डोळे, मेंदू आणि हत्यारं. धड आणि बहुधा इंजिनंही तीच राहतात.

चिलीच्या टाइप 23 वर हे काम कसं झालं ते जवळून पाहू. मूळ नौकांवर सी वुल्फ ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं होती. सी वुल्फला स्वतःचा डोळा नाही. नौकेवरचं ट्रॅकर रडार लक्ष्य आणि क्षेपणास्त्र या दोघांवर एकाच वेळी नजर ठेवतं आणि क्षेपणास्त्राला ‘डावीकडे, थोडं वर’ असं सांगत राहतं. नौकेवर असे दोन ट्रॅकर होते, एक पुढे, एक मागे. म्हणजे एका वेळी दोनच लक्ष्यं हाताळता येणार. तिसरं क्षेपणास्त्र अंगावर आलं तर देवाचा धावा करायचा. शिवाय सी वुल्फचा पल्ला जेमतेम 10 किलोमीटर.

त्याजागी सी सेप्टर आलं. याच्या नाकातच रडार आहे, त्यामुळे ते शेवटच्या टप्प्यात आपलं लक्ष्य आपणच शोधतं. पल्ला 25 किलोमीटरपेक्षा जास्त. ट्रॅकर लागतच नाहीत, म्हणून ते दोन्ही काढून टाकले आणि उंचावरचं मोठं वजन कमी झालं. सी सेप्टर उडतंही वेगळ्या पद्धतीनं. आधी वायूच्या दाबानं नळीतून वर फेकलं जातं, हवेत वळतं आणि मग त्याची मोटर पेटते. सी वुल्फची मोटर नळीतच पेटायची, त्यामुळे तापलेला धूर बाहेर काढायची व्यवस्था ठेवावी लागे. ती कटकट संपली.

रडार म्हणून जर्मनीचं टीआरएस-4डी बसवलं. गंमत म्हणजे ब्रिटननंही आपल्या उरलेल्या टाइप 23 वर सी सेप्टरच चढवलं, पण रडार आर्टिसन हे स्वतःचं निवडलं. युद्धसंचालन प्रणालीसाठी चिलीनं कॅनडाकडे पाहिलं. सीएमएस 330 ही प्रणाली मुळात कॅनडाच्या हॅलिफॅक्स वर्गाच्या फ्रिगेटसाठी तयार झाली होती. रडार, सोनार (आवाजावरून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधणारं यंत्र), तोफ, क्षेपणास्त्रं यांची सगळी माहिती एका पडद्यावर आणून ‘आधी कुणाला पाडायचं’ हे ठरवायला मदत करणारी ही प्रणाली आहे. ब्रिटिश नौका, जर्मन रडार, कॅनेडियन सॉफ्टवेअर, आणि हे सगळं जुळवण्याचं काम झालं ते चिलीच्या तालकावानो बंदरातल्या आस्मार या सरकारी गोदीत. बाहेरच्या गोदीत काम उरकून घेणं सोपं गेलं असतं. पण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी हात कुणाचे चालणार? ते हात चिलीनं घरात तयार केले, याला मी त्यांच्या शस्त्रखरेदीपेक्षा जास्त महत्त्व देतो.

हवं ते सगळं बसवता येतं का?

नाही. तीन गोष्टी आडव्या येतात: वजन, वीज आणि थंडावा.

नवं रडार जास्त वीज खातं आणि तापतं. म्हणजे जनित्रं पुरेशी हवीत आणि थंड पाण्याची यंत्रणाही. वजनाचं गणित याहून नाजूक. डोलकाठीच्या टोकाला बसवलेला एक टन आणि तळाशी ठेवलेला एक टन नौकेच्या लेखी सारखे नसतात. वरचं वजन वाढलं की नौका लाटेत जास्त झुकते आणि सावरायला वेळ घेते.

म्हणून मोठ्या बदलानंतर नौकेची कलचाचणी घेतात. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, डेकवर माहीत असलेल्या वजनाचे ठोकळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात. आत लांब दोरीला ओळंबा टांगलेला असतो. नौका किती अंश कलली हे त्यावरून मोजतात आणि तिचा गुरुत्वमध्य काढतात. ओळंब्याचं हिंदकळणं थांबावं म्हणून त्याचं टोक तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. कोट्यवधींच्या नौकेचा निकाल दोरी, ओळंबा आणि बादलीवर! गुरुत्वमध्य वर गेला असेल तर तळाशी नुसतं वजन म्हणून भार टाकावा लागतो.

इंजिन बदलतात का?

क्वचित, कारण त्यासाठी नौका अक्षरशः फाडावी लागते. पण इंडोनेशियानं ते केलं. 1980च्या दशकात त्यांनी नेदरलँड्सच्या व्हान स्पाइक वर्गाच्या सहाही फ्रिगेट घेतल्या. या बाष्पशक्तीवर चालणाऱ्या: बॉयलर, वाफ, टर्बाइन. बॉयलर सांभाळायला माणसं जास्त लागतात, जाणकार कमी होत जातात आणि सुटे भाग मिळत नाहीत. शेवटी बॉयलर काढून डिझेल इंजिनं बसवली. वेग काहीसा घटला, पण नौका चालत्या राहिल्या.

त्यातल्याच ‘ओस्वाल्ड सियाहान’वर त्यांनी रशियन याखोन्त क्षेपणास्त्र बसवलं आणि 2011 मध्ये डागून दाखवलं. याखोन्त म्हणजे आपल्या ब्रह्मोसचं सख्खं भावंड. 1960च्या दशकातल्या नौकेवर स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान क्षेपणास्त्र! हा व्हान स्पाइक वर्ग मुळात ब्रिटिश लिअँडर आराखड्यावरचा. त्याच लिअँडरवरून मुंबईच्या माझगाव गोदीनं ‘निलगिरी’ आणि तिच्या पाच बहिणी बांधल्या. म्हणजे इंडोनेशियाच्या त्या नौका आपल्या निलगिरीच्या चुलत बहिणीच म्हणायच्या.

एकाच वर्गाच्या नौका वेगवेगळ्या देशांत गेल्या तर सारख्याच राहतात का?

अजिबात नाही. ऑलिव्हर हॅझर्ड पेरी वर्ग पाहा. अमेरिकेनं स्वतःसाठी अशा 51 बांधल्या आणि नंतर अनेक देशांना दिल्या.

तुर्कस्ताननं आठ घेतल्या आणि त्यांना गाबया वर्ग म्हटलं. त्यांच्यासाठी जेनेसिस ही स्वतःची युद्धसंचालन प्रणाली लिहिली. चार नौकांवर पुढच्या डेकवर आठ कप्प्यांचा उभा क्षेपणास्त्र-संच बसवला. एका कप्प्यात ईएसएसएम ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं चार मावतात, म्हणजे एकूण 32. जुन्या नौकांवर हात बसलेले तुर्की अभियंते पुढे स्वतःच्या युद्धनौकांसाठीही अशा प्रणाली लिहू लागले.

पाकिस्तानला याच वर्गातली ‘मॅकइनर्नी’ 2010 मध्ये मिळाली आणि ‘आलमगीर’ झाली. नूतनीकरणाला साडेसहा कोटी डॉलर लागले, पण अमेरिकेनं आपल्या पेरींवरून क्षेपणास्त्र-प्रक्षेपक आधीच काढून टाकले होते. पाकिस्तानच्या हाती आलेल्या नौकेवर ते नव्हतेच.

तिसरा मार्ग ऑस्ट्रेलियाचा. त्यांनी आपल्या चार पेरींवर आधी भरपूर खर्च केला, एसएम-2 हे आणखी एक विमानविरोधी क्षेपणास्त्र आणि ईएसएसएम बसवलं, कामाला उशीरही भरपूर झाला. मग त्यातल्या ‘मेलबर्न’ आणि ‘न्यूकॅसल’ 2020 च्या एप्रिलमध्ये चिलीला दिल्या. दुसऱ्यानं खर्च करून, डोकेदुखी सोसून तयार केलेली नौका आयती उचलायची, यात चिलीचा हात धरणारं कुणी नाही.

रुमानियाचं नेमकं काय झालं?

‘कॉव्हेंट्री’ आणि ‘लंडन’ या टाइप 22 फ्रिगेट त्यांनी घेतल्या. नावं बदलून ‘रेजेले फर्डिनांड’ आणि ‘रेजिना मारिया’ झाली. पहिली 2004 मध्ये, दुसरी 2005 मध्ये दाखल झाली. देण्यापूर्वी जहाजविरोधी एक्झोसेट आणि विमानविरोधी सी वुल्फ ही दोन्ही क्षेपणास्त्रं उतरवण्यात आली. त्याजागी 76 मिलिमीटरची एक इटालियन तोफ बसवली. बेत असा की आत्ता नौका ताब्यात घ्यायच्या, खलाशी तयार करायचे आणि दुसऱ्या टप्प्यात क्षेपणास्त्रं बसवायची.

तो दुसरा टप्पा वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. सरकारं बदलली, पैसे दुसरीकडे गेले. पाच हजार टनांच्या आसपासची फ्रिगेट आणि हत्यार म्हणून मुख्यतः एक तोफ! तरी नौका अगदीच वाया गेल्या असं म्हणता येणार नाही. ‘रेजेले फर्डिनांड’ 2011 मध्ये लिबियाच्या शस्त्रबंदीच्या मोहिमेत होती आणि 2012 मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यावर चाच्यांविरुद्ध. अशा कामांना तोफ आणि हेलिकॉप्टर पुरतं. पण तेवढ्यासाठी एवढी मोठी नौका पोसायची गरज नव्हती. ‘पहिला टप्पा, दुसरा टप्पा’ असा करार दिसला की दुसऱ्या टप्प्याचे पैसे मंजूर झालेत का, एवढंच विचारावं.

विकणारा देश अटी घालतो का?

घालतो. अमेरिकेत 3,000 टनांहून मोठी किंवा वीस वर्षांहून कमी वयाची युद्धनौका परदेशाला द्यायची तर संसदेत कायदा करावा लागतो. मिळालेली नौका तिसऱ्या देशाला परस्पर देता येत नाही. गुप्त संदेशयंत्रणा आणि काही संवेदनशील उपकरणं उतरवूनच नौका हातात मिळते.

सुटे भाग कुठून आणतात?

पहिला उपाय म्हणजे भावंडांना कापणं. तुर्कस्ताननं आठ पेरींसोबत ‘डंकन’ ही आणखी एक घेतली ती फक्त सुट्या भागांसाठी. दुसरा उपाय म्हणजे ज्यांच्याकडे तीच नौका आहे त्यांच्याशी संबंध ठेवणं. एम वर्ग चार देशांकडे असल्यानं त्यांना हे सोपं गेलं. सगळ्यात वाईट अवस्था शेवटच्या मालकाची. मूळ कारखाना बंद, बाकी सगळ्यांच्या नौका भंगारात, आणि आपल्याला हवा एक पंप.

किती वर्षं चालतात?

टाइप 23 चं आयुष्य आराखड्यात 18 वर्षं धरलं होतं. ब्रिटन आणि चिली दोघांनीही ते कधीच मागे टाकलं. सुक्या गोदीत अल्ट्रासाउंडनं पत्र्याची जाडी मोजतात, जिथे झिजलाय तिथला तुकडा कापून नवा जोडतात. लोखंड असं जिवंत ठेवता येतं. बहुतेक नौका निवृत्त होतात त्या आतल्या यंत्रणा परवडेनाशा झाल्यामुळे.

भारतानं अशा फ्रिगेट घेतल्या आहेत का?

स्वातंत्र्यानंतरचं आपलं नौदल सुरुवातीला बऱ्याच अंशी वापरलेल्या ब्रिटिश नौकांवर उभं राहिलं. 1948 मधली ‘दिल्ली’ ही क्रूझर पूर्वी न्यूझीलंडकडे ‘अकिलीस’ म्हणून होती. 1957 मधली ‘म्हैसूर’ म्हणजे ब्रिटिशांची ‘नायजेरिया’. पुढे फ्रिगेट आपण घरी बांधायला लागलो, म्हणून या बाजारात फारसं जावं लागलं नाही. ठळक अपवाद ‘कृष्णा’चा. ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या 1982 मधल्या फॉकलंड युद्धात उतरलेली ‘अँड्रोमेडा’ ही लिअँडर वर्गाची फ्रिगेट आपण 1995 मध्ये घेतली, पण लढायला नव्हे. हत्यारं उतरवून कोचीला प्रशिक्षण नौका म्हणून ती 2012 पर्यंत वापरली. कॅडेट मुलांना समुद्र दाखवायला जुनी नौका हा उत्तम वापर.

आणि पाकिस्ताननं?

सातत्यानं. 1971च्या 4 डिसेंबरच्या रात्री कराचीजवळ आपल्या ‘निर्घात’ या क्षेपणास्त्र नौकेनं बुडवलेली ‘खैबर’ ही विनाशिका मूळची ब्रिटिश ‘कॅडिझ’ होती. 1990च्या दशकात त्यांनी टाइप 21 वर्गाच्या सहा फ्रिगेट घेतल्या. या वर्गात होत्याच आठ, त्यातल्या दोन फॉकलंडमध्ये बुडाल्या, उरलेल्या सगळ्या कराचीला आल्या. देखण्या, वेगवान, पण धडाला तडे जायची खोड. पाकिस्ताननं काहींवर जहाजविरोधी हार्पून तर काहींवर विमानविरोधी चिनी एलवाय-60 क्षेपणास्त्रं बसवून त्या दीर्घकाळ ओढल्या.

भारत आपल्या नौका इतरांना देतो का?

हो. 2020 मध्ये ‘सिंधुवीर’ पाणबुडी विशाखापट्टणमला दुरुस्त करून म्यानमारला दिली. 2023 च्या जुलैमध्ये ‘किरपाण’ ही क्षेपणास्त्र कॉर्व्हेट व्हिएतनामला भेट दिली, तीही हत्यारांसकट.

मग जुनी घ्यावी की नवी?

ज्या देशाकडे गोदी आहे, अनुभवी तंत्रज्ञ आहेत आणि पुढच्या दहा वर्षांचा पैसा आधीच बाजूला काढलेला आहे, त्यानं जुनी जरूर घ्यावी. चिलीला ती फळली ती यामुळेच. ज्याला आज पैसे नाहीत म्हणून जुनी हवी आहे, त्यानं त्याऐवजी लहान नवी गस्तीनौका घ्यावी. मोठ्या नौकेचं इंधन आणि दोनशेच्या आसपास माणसांचा पगार नौका जुनी आहे म्हणून कमी होत नाही.

इंटरनेटवर शोधताना नावांचा घोळ होतो, काय करावं?

जुन्या नावासह शोधा. ‘अल्मिरांते लातोरे’ हे नाव चिलीनं आधी एका डच फ्रिगेटला दिलं, ती गेल्यावर ऑस्ट्रेलियाच्या ‘मेलबर्न’ला. दोघींचे फोटो हमखास एकमेकींच्या नावावर खपवले जातात.

फोटोवरून आधुनिक केलेली नौका ओळखता येते का?

येते, कुठे पाहायचं ते कळलं की. चिलीच्या टाइप 23 चा नवा फोटो जुन्या फोटोशेजारी ठेवा. पुढे ब्रिजजवळ (नौका जिथून चालवतात ती खोली) आणि मागे हेलिकॉप्टरच्या हँगरवर बसलेले ट्रॅकर नव्या फोटोत नाहीत आणि डोलकाठीवरचं रडारही वेगळं आहे. तुर्की गाबयाच्या नाकाडाकडे एकहाती प्रक्षेपकाच्या पुढे डेकवर चौकोनी उंचवटा दिसला, तर ती उभा संच बसवलेल्या चारांपैकी एक. रुमानियाच्या नौका तर सगळ्यात सोप्या. त्यांच्याच तुकडीतल्या ब्रिटिश टाइप 22 वर पुढे मोठी तोफ नव्हतीच, एक्झोसेटच्या पेट्या असायच्या. पुढे 76 मिलिमीटरची तोफ दिसली, तर ती मूळची नव्हे, नंतर बसवलेली.